जॅझ नेमका कधी संपला?

जॅझ ऐकणारी दोन-तीन माणसं एकत्र आली की एक भांडण ठरलेलं असतं. खरा जॅझ कधी संपला? एक म्हणतो, १९४२ साली. दुसरा म्हणतो, छे, १९५९ नंतर कस लागला. तिसरा १९६९ वर ठाम असतो. त्या वर्षी माइल्स डेव्हिसनं विजेची वाद्यं जवळ केली आणि सगळं आटोपलं, असं त्याचं म्हणणं. मी गेली पस्तीसेक वर्षं हे संगीत ऐकतो आहे. मला एकही वाद्य वाजवता येत नाही, नोटेशन वाचता येत नाही. कवी माणूस, बी.ए.पर्यंत शिकलेला. तेव्हा बोलणार आहे तो केवळ श्रोता म्हणून. आणि श्रोता म्हणून मला वाटतं, 'संपला' म्हणणारी ही मंडळी अगदीच हेकट नाहीत. जॅझमध्ये दर पंधरा-वीस वर्षांनी नवं काही आलं, तसं दर वेळी काहीतरी गेलंही. नव्याचं कौतुक पुस्तकांतून भरपूर आहे. गेलं काय, याची यादी कुणी फारशी करत नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये हे संगीत वाढलं. मिरवणुका, अंत्ययात्रा, चर्च, गुत्ते, सगळीकडे ते वाजत होतं. पण जॅझची म्हणून जी पहिली तबकडी मानतात, ती १९१७ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाली आणि ती वाजवणारे पाचही जण गोरे होते. त्याआधीची वीसेक वर्षं कुणाच्याच कानावर आता पडायची नाहीत. जॅझच्या इतिहासातलं पहिलं 'गेलं' ते हे. तबकडी येण्याआधीचं सगळं.

तबकडीनं आणखी एक गोष्ट केली. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. जे सांगायचं ते तेवढ्यात. लुई आर्मस्ट्राँगनं १९२५ ते १९२८ या काळात शिकागोमध्ये आपल्या छोट्या संचाबरोबर ज्या तबकड्या केल्या, त्या ऐकताना मला नेहमी गझलेच्या शेराची आठवण होते. दोन ओळींत बसलं पाहिजे, नाहीतर बाहेर. त्याचं 'वेस्ट एन्ड ब्लूज' सुरू होतं ते एकट्या ट्रम्पेटनं. दहा-बारा सेकंद फक्त तो, बाकी सगळे गप्प. तेवढ्यात त्यानं पुढच्या शंभर वर्षांतल्या ट्रम्पेटवाल्यांना गृहपाठ देऊन ठेवला. माझं मत विचाराल तर यापेक्षा दाट संगीत जॅझमध्ये नंतर झालं नाही. सुंदर झालं, खोल झालं, पण इतकं दाट नाही.

हे सगळं मी ऐकलं ते सोलापुरात, ट्रान्झिस्टरवर. ऐकवणाऱ्याचं नाव विलिस कोनोव्हर. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर १९५५ पासून तो रोज रात्री जॅझ लावायचा. जाड, संथ आवाज. प्रत्येक शब्द सुटा. इंग्रजी कच्चं असणाऱ्यालाही कळावं असं बोलणं. सुरुवातीला ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची 'टेक द ए ट्रेन' ही धून. मग शॉर्टवेव्हच्या खरखरीतून सॅक्सोफोन वर यायचा आणि ऐन रंगात आला की लाटेखाली जायचा. अब्बा कूस बदलून विचारायचे, "अभी तक सुर मिलारे क्या रे ये लोगां?" मॉस्कोपासून मुंबईपर्यंत कोट्यवधी लोक कोनोव्हरला ओळखत होते. खुद्द अमेरिकेत त्याला जवळजवळ कुणी ओळखत नव्हतं, कारण सरकारी केंद्राचे हे कार्यक्रम देशांतर्गत प्रसारित करायला तिथल्या कायद्यानं बंदी होती. १९९६ साली तो गेला. रेडिओवर बोलणाऱ्या माणसानं त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाऊ नये.

तिसाव्या दशकात जॅझ नाचायला लागला. पंधरा-सोळा वादकांचे मोठे वाद्यवृंद, चकचकीत कोट, भरलेली नृत्यगृहं. याला 'स्विंग' म्हणतात. मला यातलं पुष्कळसं गुळगुळीत वाटतं. अपवाद एलिंग्टनचा. हार्लेममधल्या कॉटन क्लबमध्ये तो १९२७ पासून वाजवत होता. मंचावर सगळे कृष्णवर्णीय आणि समोर बसायची मुभा फक्त गोऱ्यांना. अशा जागी बसून या माणसानं असे रंग शोधले की एकेका वादकाचा श्वास त्यात ओळखू यावा. मात्र स्विंगबद्दल एक कबूल करावं लागतं. जॅझ हे साऱ्या अमेरिकेचं लोकप्रिय संगीत होतं, ते याच काळात. हमालापासून कॉलेजकुमारापर्यंत सगळे त्यावर नाचत होते. हे पुन्हा कधी झालं नाही.

आणि आपल्याकडे आला तोही हा नाचाचा जॅझ. १९३५ मध्ये लिऑन ॲबी नावाचा व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय वादकांचा संच घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. नंतर टेडी वेदरफर्डसारखे पियानोवादक आले. त्यांच्याकडून कला उचलली ती गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी. चर्चच्या शाळेत त्यांना लहानपणापासून स्वरलिपी शिकवलेली असे. अंतोनियो शावियेर वाझ हा त्यांपैकी एक. मुंबई त्याला चिक चॉकलेट म्हणून ओळखत होती, 'हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग' म्हणत होती. रात्री हॉटेलात आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात, असं या मंडळींचं आयुष्य. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी चिक चॉकलेटला हाताशी धरलं आणि १९५१ च्या 'अलबेला'त तो आपल्या संचासह पडद्यावरही दिसला. भगवानदादांच्या पावलांवर शिट्ट्या मारणाऱ्या आपल्या वाडवडिलांनी जॅझ ऐकला नव्हता, असं कोण म्हणेल?

पण 'अलबेला' येईपर्यंत मूळ गावी तो जॅझ मागं पडला होता. का पडला, हा मला सगळ्यांत मनोरंजक भाग वाटतो. पुस्तकं म्हणतात, हार्लेमच्या मिन्टन्स प्लेहाऊसमध्ये काही तरुण रात्रीचे जमले आणि त्यांनी बीबॉप शोधून काढला. खरं आहे ते. पण नुसत्या प्रतिभेनं युग बदलत नाही. १९४२ कडे पाहा. महायुद्ध सुरू. पेट्रोल आणि टायरचं रेशनिंग, त्यामुळं बसनं गावोगाव फिरणारे मोठे वाद्यवृंद अडले. तरणे वादक सैन्यात गेले. तबकड्या बनत त्या लाखेच्या, आणि लाख जायची आपल्या हिंदुस्थानातून. होय, आपल्या बायकांच्या बांगड्यांची तीच लाख. युद्धात तिचा पुरवठा अडचणीत आला आणि अमेरिकन सरकारनं तिच्या वापरावर कडक मर्यादा घातली. त्यातच १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. रेडिओ आणि ज्यूकबॉक्सवर तबकड्या वाजतात, वादकांचं काम जातं, तर मोबदला द्या, ही मागणी. हा संप दोन वर्षांहून अधिक चालला. गायक त्या संघटनेत नव्हते. ते गात राहिले आणि लोकांचं कौतुक वादकाकडून गायकाकडं सरकलं. वर १९४४ मध्ये नाच-गाणं असलेल्या जागांवर ३० टक्के कर बसला. तो लवकरच २० टक्के झाला, पण नृत्यगृहांचे मालक हबकले ते हबकलेच. नुसती वाद्यं ऐकवणाऱ्या, नाच नसलेल्या जागेला हा कर नव्हता. मग मालकानं काय करावं? नाचाची जागा काढून खुर्च्या टाकल्या आणि पाच वादक बसवले. श्रोता नाचायचा थांबला आणि ऐकायला बसला. याला थोडीफार सरकारी तिजोरीही कारण आहे, हे मला फार गमतीचं वाटतं.

या गडबडीत काय हरवलं पाहा. १९४३ साली अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी, बीबॉपचे दोन्ही शिल्पकार, शेजारी बसून वाजवत होते. संपामुळं त्या वाद्यवृंदाची एकही तबकडी निघाली नाही. म्हणजे जुनं आणि नवं एकमेकांत मिसळत होतं तो क्षणच गायब. १९४५ च्या नोव्हेंबरात पार्करची 'को को' ही तबकडी झाली तेव्हा लोकांना ती आकाशातून पडल्यासारखी वाटली, यात नवल काय? आर्मस्ट्राँगसारख्या थोरानंही या नव्या पोरांची जाहीर चेष्टा केली. आपल्याकडेही त्याच सुमाराला, १९४७ मध्ये, मर्ढेकरांच्या 'काही कविता' आल्या आणि ही कविताच नव्हे, असं म्हणणारे निघालेच होते. मर्ढेकर नोकरीला आकाशवाणीतच, हे जाता जाता.

हे बीबॉपवाले करायचे काय? एखाद्या गाजलेल्या गाण्याचा स्वरसंगतीचा सांगाडा, म्हणजे कॉर्ड्सचा क्रम, तेवढा ठेवायचे आणि त्यावर पूर्णपणे नवी चाल रचायचे. 'को को' अशीच 'चेरोकी' नावाच्या गाण्याच्या सांगाड्यावर उभी आहे. ज्यांनी तरही मुशायरा ऐकला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. एक मिसरा दिला जातो, त्याची जमीन, म्हणजे वृत्त, काफिया, रदीफ ठरलेली. तिच्यावर प्रत्येक शायर आपली गझल बांधून आणतो. जमीन एकच, घरं वेगवेगळी. फरक इतकाच की पार्कर त्याच जागी उभ्या उभ्या, सेकंदाला दहा स्वर या वेगानं घर बांधत होता. १९५५ मध्ये तो गेला तेव्हा ३४ वर्षांचा होता. प्रेत तपासणाऱ्यानं वय पन्नाशीपुढचं लावलं.

याच पिढीतल्या बऱ्याच वादकांनी इस्लाम स्वीकारला. पिट्सबर्गचा फ्रिट्झ जोन्स अहमद जमाल झाला, विल्यम हडलस्टन युसेफ लतीफ झाला. श्रद्धा होतीच, पण गिलेस्पीनं आत्मचरित्रात आणखी एक सांगितलं आहे. 'निग्रो' म्हणून बंद असलेली काही दारं मुसलमान नाव सांगितलं की उघडत, असा काहींचा अनुभव होता. हे वाचलं त्या वर्षी मी एका मोठ्या शहरात भाड्याची खोली शोधत होतो. नाव सांगितलं की फोन ठेवला जायचा. पुस्तक मिटून मी बराच वेळ हसलो. अहमद जमालचा पियानो मात्र तेव्हापासून सुटला नाही. दोन स्वरांमध्ये इतकी मोकळी जागा ठेवणारा दुसरा कुणी मला माहीत नाही. २०२३ मध्ये बाण्णवाव्या वर्षी तो गेला.

१९४८ साली लाँग प्ले तबकडी आली. तीन मिनिटांची सक्ती गेली आणि तिच्याबरोबर शेराचा तो कसही गेला. बदल्यात आली ऐसपैस बैठक. तिचा कळस म्हणजे १९५९ चं माइल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू'. मार्च आणि एप्रिलमधल्या दोन दिवसांत ते झालं. आपल्या कानाला ते चटकन आपलं वाटतं, त्याला कारण आहे. बीबॉपमध्ये पायाखालची कॉर्ड सारखी बदलते. इथं वादक एकाच स्वरसमूहावर बराच वेळ मुक्काम करतो. राग नव्हे तो, पण रागाच्या शेजारचं घर आहे. आता कॉफीच्या दुकानांतून ते पार्श्वसंगीतासारखं वाजतं, याचा मला राग येतो. तरी रात्री एकटा असलो की लावतो.

त्याच वर्षी ऑर्नेट कोलमननं तो कॉर्ड्सचा सांगाडाही फेकून दिला. जमीनच नाही, घर हवेत बांधा. याचं मोल मी जाणतो. मुक्तछंद लिहिणाऱ्यानं तक्रार कोणत्या तोंडानं करायची? पण जेवणानंतर ऐकायचं संगीत नव्हे ते. जॉन कोल्ट्रेनची गोष्ट वेगळी. त्यानं रविशंकरांना ऐकलं, 'इंडिया' नावाची रचना केली, मुलाचं नाव रवी ठेवलं. १९६४ च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित केलेलं 'अ लव्ह सुप्रीम' ही सरळ सरळ प्रार्थना आहे. शेवटच्या भागात तो स्वतः लिहिलेली कविता सॅक्सोफोनवर शब्दागणिक 'वाचतो', तोंडातून शब्द न काढता. कवी म्हणून मला याहून मोठा हेवा कशाचा वाटला नाही. तीन वर्षांत, चाळिसाव्या वर्षी, तोही गेला.

मग रॉक आलं, तरुण तिकडं गेले, आणि माइल्सनं विजेची गिटार-पियानो घेऊन त्यांचा पाठलाग केला. 'बिचेस ब्रू' मला थोरच वाटतं. त्यानंतरच्या फ्यूजनचा बराचसा माल मात्र नुसता वेगाचा. 'शक्ती' सोडून. जॉन मॅकलॉफ्लिनच्या गिटारीला झाकिर हुसेनचा तबला जे उत्तर द्यायचा, त्यात वेगापेक्षा ऐकण्याला महत्त्व होतं. २०२४ च्या डिसेंबरात झाकिरभाई गेले आणि तो संवादही थांबला.

ऐंशीच्या दशकात विंटन मार्सालिस आला, आणि जॅझ सुटाबुटात सभागृहात जाऊन बसला. शाळा निघाल्या, पदव्या आल्या. केन बर्न्सनं २००१ मध्ये दूरचित्रवाणीवर जॅझचा इतिहास दहा भागांत दाखवला, त्यात १९६० नंतरच्या चाळीस वर्षांना मिळाला एक भाग. म्हणजे 'संपला' म्हणणाऱ्यांच्या मतावर शिक्काच. मान आला हे चांगलंच झालं. १९६५ साली संगीताच्या पुलित्झरसाठी परीक्षकांनी एलिंग्टनच्या विशेष सन्मानाची शिफारस केली होती आणि मंडळानं ती नाकारली होती. सन्मान मिळाला तो १९९९ मध्ये, तो जाऊन पंचवीस वर्षं झाल्यावर. पण पदवी घेऊन आलेले आजचे वादक ऐकताना मला गुत्त्याचा धूर आणि मागून ओरडणारं गिऱ्हाईक आठवत राहतं. बिनचूक वाजवतात बिचारे.

हल्ली भाचा त्याच्या फोनवर कमासी वॉशिंग्टन लावतो. लॉस एंजेलिसचा हा सॅक्सोफोनवाला हिपहॉपवाल्यांच्या संगतीत वाढलेला. २०१५ मध्ये त्यानं 'द एपिक' काढलं. ते ऐकायला जवळजवळ तीन तास लागतात. तेवढ्यात आर्मस्ट्राँगच्या पन्नासेक तबकड्या होतील. गर्दी उभी राहून, डोलत ऐकते त्याला. १९४४ च्या कराबरोबर उठलेली माणसं थोडीफार परत आली म्हणायची. भाचा म्हणतो, "मामू, हाच खरा जॅझ." मी पहिला तास आवडीनं ऐकतो, दुसऱ्या तासाला चहा टाकायला उठतो.