नाट्याकडून नृत्याकडे : 'मालविकाग्निमित्रा'चे रूपांतर

आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळील देवगिरीच्या यादव दरबारी तेराव्या शतकात असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'च्या सातव्या अध्यायात नर्तनाचे नाट्य, नृत्य व नृत्त असे भेद मानले. केवळ आंगिक अभिनयाने भाव व्यक्त करते ते नृत्य, असे त्याचे लक्षण आहे. अभिजात नाटकाचा बॅले होताना नाट्य आणि नृत्य यांमधील हीच सीमा ओलांडली जाते.

मुंबई व खंडाळा ही कार्यक्षेत्रे असलेल्या मादाम मेनका (लीला सोखी) यांनी १९३९ मध्ये कालिदासाचे 'मालविकाग्निमित्र' नृत्यनाट्यरूपात आणले. ही निवड सूचक आहे. कारण या नाटकाच्या संविधानकातच नृत्य आहे. गणदास व हरदत्त या नाट्याचार्यांचा कलह विदूषक पेटवतो, तो राजाला मालविका दिसावी म्हणून. तिचे 'छलित' आणि त्यावरील परिव्राजिकेचा अभिप्राय भोवतालच्या संवादांमुळे उठून दिसतात. सर्वच पात्रे नाचू लागली, की हा उठाव पुसट होण्याचा संभव असतो. विदूषकाचा वाचिक विनोदही लोपतो. म्हणून अशा रूपांतराचे मूल्यमापन केवळ कथानकनिष्ठेवर करता येत नाही. अवघी सृष्टी नृत्यमय झाल्यावरही मालविकेचे नृत्य 'नृत्य' म्हणून वेगळे ओळखू येते का, या प्रश्नाशी समीक्षेला थांबावे लागते. आणि तो नेमकेपणाने मांडण्याची परिभाषा शार्ङ्गदेवापाशी आहे.