येणारा व्हीआर गेम: ट्रेलर बघून हेडसेट घेण्याआधी गेमचा प्रकार का बघायचा?

२८ ऑक्टोबर २०२१ ला मार्क झुकरबर्ग यांनी फेसबुक कंपनीचं नाव बदलून 'मेटा' केलं. बातम्या सगळ्या त्या नावाच्या झाल्या. गेम खेळणाऱ्यांनी मात्र त्या कार्यक्रमातली दुसरीच गोष्ट उचलली: 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास' हा गेम क्वेस्ट २ या व्हीआर हेडसेटवर येणार. आपल्याकडे सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे मोजून जीटीए खेळलेली अख्खी पिढी आहे. ते शहर आता डोक्याला हेडसेट लावून, आत उभं राहून बघता येणार म्हटल्यावर अनेकांनी मनातल्या मनात खरेदी करूनही टाकली.

तो गेम आलाच नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मेटाने सांगितलं की काम अनिश्चित काळासाठी थांबवलंय. पुढच्याच महिन्यात क्वेस्ट २ ची विक्री बंद करत असल्याचंही कंपनीने जाहीर केलं. म्हणजे ज्या गेमसाठी हेडसेट घ्यायचा, तो येण्याआधी हेडसेटच निवृत्त झाला!

व्हीआर गेमची वाट बघणं हे मोबाईल किंवा पीसीवरच्या गेमची वाट बघण्यापेक्षा वेगळं असतं, ते यामुळे. पीसी घरात आधीच असतो, गेम नाही आला तर फार तर हिरमोड होतो. इथे मात्र आधी काही हजार रुपयांचं यंत्र घ्यावं लागतं. म्हणून नवीन गेमचा ट्रेलर दिसला की 'ग्राफिक्स कसे आहेत' हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न असा: या गेममध्ये मी हलणार कसा?

एसटीतली मळमळ, उलटी बाजूने

घाटात एसटीत बसून पुस्तक वाचलं की काय होतं, हे बहुतेकांना माहीत आहे. डोळ्यांना पान स्थिर दिसतं, पण कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते, तिला वळणं जाणवत असतात. दोघांची साक्ष जुळत नाही आणि पोट ढवळतं. व्हीआरमध्ये हेच उलटं घडतं. डोळ्यांना दिसतं की तुम्ही धावताय, पण शरीर हॉलमध्ये जागच्या जागी उभं असतं.

गेम बनवणाऱ्यांनी यावर उपाय काढले आहेत. एक म्हणजे 'टेलिपोर्ट': कंट्रोलरने जागा दाखवायची आणि थेट तिथे पोचायचं, मधलं चालणं नाहीच. दुसरा, मान हळूहळू वळवण्याऐवजी ठरावीक अंशांनी झटक्यात वळवणं. तिसरा, चालताना दृश्याच्या कडा काळ्या करणं, म्हणजे कडेने सरकणारं जग डोळ्यांना कमी दिसतं. काहींना सवयीने त्रास कमी होतो, काहींना कधीच होत नाही, तर काहींचा कधीच जात नाही.

आता यावरून गेमचे प्रकार लावून बघा. टीव्हीवरच्या गेमचे आपण 'ॲक्शन', 'रेसिंग', 'पझल' असे कप्पे करतो. व्हीआरमध्ये हे कप्पे आहेतच, पण त्यांच्या खाली आणखी एक कप्पा आहे: तुम्ही जागेवर उभे आहात, बसलेले आहात, की आभासी पायांनी फिरताय?

जगाला तुमच्याकडे येऊ देणारे गेम

व्हीआरचा सगळ्यात ओळखीचा गेम 'बीट सेबर'. प्रागमधल्या छोट्या टीमने २०१८ मध्ये आणला, पुढच्याच वर्षी फेसबुकने ती कंपनी विकत घेतली. दोन्ही हातांत प्रकाशाच्या तलवारी, समोरून गाण्याच्या तालावर ठोकळे येतात, ते बाणाच्या दिशेने कापायचे. एवढंच. पण तुम्ही जागा सोडत नाही, ठोकळे तुमच्याकडे येतात, त्यामुळे मळमळ जवळपास नाही. पाहुण्यांच्या डोक्यावर पहिल्यांदा हेडसेट चढवायचा असेल तर अजूनही हाच गेम लावावा. (आधी पंखा बंद करून. आपल्याकडच्या कमी उंचीच्या खोल्यांत वर गेलेला हात आणि पंखा यांची गाठ पडायला वेळ लागत नाही.)

याच सूत्रावर फिटनेसचे आणि खेळांचे बरेच गेम चालतात. बॉक्सिंगचा 'द थ्रिल ऑफ द फाइट' काही फेऱ्यांतच घामाघूम करतो. आणि नीट बघितलं तर क्रिकेटची फलंदाजीसुद्धा याच कप्प्यात बसते: फलंदाज क्रीजमध्ये, चेंडू त्याच्याकडे. हैदराबादच्या प्रोयुगा कंपनीने 'आयबी क्रिकेट' बनवला, तो या जोरावरच. क्षेत्ररक्षण मात्र व्हीआरला अवघड. सीमारेषेपर्यंत धावायचं म्हटलं की हॉलची भिंत आडवी येते. म्हणून नव्या क्रिकेट गेमच्या जाहिरातीत कोणी 'पूर्ण सामना' म्हणालं, तर फलंदाजीखेरीज बाकीचं कसं खेळायचं हे आधी शोधावं.

'सुपरहॉट व्हीआर' याच कुळातला, पण जास्त डोकेबाज. तुम्ही हललात तरच वेळ पुढे सरकते, थांबलात की बंदुकीची गोळीसुद्धा हवेत लटकते. मूळ गेम पीसीचा, पण व्हीआरसाठी तो जसाच्या तसा न उचलता नव्याने रचला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढे तोच मुद्दा परत येणार आहे.

बसून खेळायचे गेम

रेसिंग आणि विमानांचे गेम व्हीआरला चांगले मानवतात. कारण साधं आहे: गेममध्येही तुम्ही खुर्चीत बसलेले असता. डोळ्यांसमोर डॅशबोर्ड आणि काचेची चौकट स्थिर राहते, ती आधार देते. 'ग्रान टुरिस्मो ७' हा प्लेस्टेशनचा गेम. २०२३ च्या फेब्रुवारीत पीएसव्हीआर २ आला, तेव्हा त्यात फुकट अपडेटने व्हीआर जोडला गेला. शर्यतीत बाजूच्या आरशात मान वळवून मागची गाडी बघायची, हा अनुभव टीव्हीवर नाही. वळणावर गाडी गोल फिरली तर मात्र पोटही गोल फिरतं.

कोडी आणि पटावरचे खेळही इथलेच. 'आय एक्स्पेक्ट यू टू डाय'मध्ये तुम्ही गुप्तहेर आहात आणि बसल्या जागी हातांनी वस्तू उलटसुलट करून जीव वाचवायचा. 'डेमिओ'मध्ये मित्रांबरोबर टेबलाभोवती जमून सोंगट्या हलवायच्या. 'मॉस'मध्ये तुम्ही एका उंदरीला वरून बघता, तिला चालवता आणि मधूनच हात घालून तिच्या वाटेतला दगड सरकवता. या प्रकारांचे ट्रेलर फारसे शेअर होत नाहीत, कारण व्हिडिओत ते साधे दिसतात. नवख्या माणसाला हेडसेट आवडायला मात्र हेच जास्त कारणीभूत ठरतात, असं माझं मत.

ज्यांची खरी वाट बघितली जाते ते

ट्रेलर गाजतात ते मोठ्या कथांचे: बंदूक, अंधार, राक्षस, गल्ल्या. इथे तुम्हाला खरोखर फिरावं लागतं, म्हणून सगळ्यात जास्त मेहनत इथेच लागते.

'हाफ-लाइफ: ॲलिक्स' हे यातलं मोठं उदाहरण. व्हॉल्व्हने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केला आणि २०२० च्या मार्चमध्ये दिला, म्हणजे अवघ्या चार महिन्यांत. या मालिकेची ओळख म्हणजे लोखंडी पहार, आणि ती या गेममध्ये नाही. चाचण्यांच्या वेळी ती खेळाडूंच्या नकळत दारांत, वस्तूंत अडकायची. हातात लांब वस्तू असली की ती कुठे टेकते याचं भान पडद्यावर राहतं, व्हीआरमध्ये राहत नाही. मग तिच्याऐवजी दूरची वस्तू मनगटाच्या झटक्याने हातात ओढून घेणारे हातमोजे आले. व्हीआर गेममध्ये हात हेच मुख्य पात्र असतं, हे इतकं स्पष्ट क्वचित दिसतं.

भयपट प्रकारातल्या गेमना तर व्हीआर जरा जास्तच लागू पडतो. 'रेसिडेंट इव्हिल ७' २०१७ मध्येच प्लेस्टेशनच्या पहिल्या व्हीआर हेडसेटवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता यायचा. टीव्हीवर घाबरलं की माणूस नजर बाजूला वळवतो. इथे बाजूलाही तेच घर असतं.

'गोरिला टॅग' मात्र कुठल्याच कप्प्यात धड बसत नाही. पायच नाहीत! हातांनी जमीन ढकलत माकडासारखं पळायचं आणि पकडापकडी खेळायची. ग्राफिक्स अगदी ओबडधोबड, तरी लहान मुलांमध्ये तो तुफान चालला. हाताला खरोखर कष्ट होतात म्हणून हालचाल शरीराला थोडी पटते, तरी सुरुवातीला काहींना गरगरतंच. मोठ्या कंपन्यांनी कोट्यवधी ओतून चालण्याचा प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला आणि उत्तर आलं ते बालवाडीतल्या खेळातून.

क्वेस्ट ३ पासून आणखी एक शाखा वाढते आहे, मिश्र वास्तवाची. हेडसेटचे कॅमेरे तुमची खोली रंगीत दाखवतात आणि गेम तिच्यातच घडतो. या हेडसेटच्या 'फर्स्ट एन्काउंटर्स' या नमुना गेममध्ये तुमच्याच घराची भिंत फोडून छोटे गोंडस परग्रहवासी आत येतात. खोली दिसत राहते, त्यामुळे तोल जात नाही.

घोषणा झाली, पुढे काय?

युबीसॉफ्टच्या दोन गेमची गोष्ट बघा. २०२० च्या सप्टेंबरमध्ये 'ॲसॅसिन्स क्रीड' आणि 'स्प्लिंटर सेल' या दोन्हींचे व्हीआर गेम एकाच वेळी जाहीर झाले. 'स्प्लिंटर सेल' २०२२ च्या जुलैत रद्द झाला. 'ॲसॅसिन्स क्रीड नेक्सस' २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आला, म्हणजे तीन वर्षांनी. एकच कंपनी, एकच दिवस, निकाल दोन.

यामागचं कारण पैशाचं आहे. मोठा व्हीआर गेम बनवायला खर्च भरपूर, पण हेडसेट वापरणारे लोक पीसी-मोबाईलच्या तुलनेत फार थोडे. त्यामुळे अनेक मोठे गेम हेडसेट विकणाऱ्या कंपन्यांच्याच पैशावर उभे राहतात, आणि त्या कंपनीचा विचार बदलला की गेम अडतो. बनून आलेल्या गेमचंही तसंच. 'एको व्हीआर' हा हवेत तरंगत खेळायचा सांघिक खेळ अनेकांच्या लाडका होता. मेटाने १ ऑगस्ट २०२३ ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि तो संपला. वर्षभराने तो बनवणारा 'रेडी ॲट डॉन' हा स्टुडिओही बंद झाला. ऑनलाइन सांघिक प्रकाराची वाट बघताना हा धोका धरूनच चालावं. एकट्याने खेळायची कथा असेल तर निदान घेतलेली प्रत सर्व्हरवर अवलंबून नसते.

गेम कोणत्या हेडसेटवर येणार, हेही बारीक अक्षरांत वाचायला लागतं. 'बॅटमॅन: अर्खम शॅडो' २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आला आणि वर्षातला सर्वोत्तम व्हीआर गेम म्हणून 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये निवडला गेला. पण तो फक्त क्वेस्ट ३ आणि ३एस वर चालतो. क्वेस्ट २ वाले बाहेर. पीएसव्हीआर २ वर प्लेस्टेशनच्या पहिल्या व्हीआर हेडसेटचे गेम चालत नाहीत. आणि 'रेसिडेंट इव्हिल ४' तर दोन आहेत: २०२१ मध्ये क्वेस्ट २ वर आलेला मूळ जुन्या गेमचा व्हीआर अवतार, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये पीएसव्हीआर २ वर नव्या आवृत्तीला जोडलेला व्हीआर मोड. नाव एक, गेम वेगळे.

इथेच 'सुपरहॉट'चा मुद्दा परत येतो. नवीन घोषणेत 'व्हीआरसाठी बनवलेला' आणि 'व्हीआर सपोर्ट' हे शब्द सारखे नाहीत. पहिल्यात दार उघडायला हात पुढे करून मूठ फिरवावी लागते, दुसऱ्यात अनेकदा बटण दाबलं की दार आपोआप उघडतं. दुसरा वाईटच असतो असं नाही, 'ग्रान टुरिस्मो' त्यातलाच आहे. पण ट्रेलरमध्ये खेळाडूचे हात दिसतात का, ते काही पकडतात का, हे बघितलं की बरंच कळतं. हात दिसतच नसतील आणि सगळा व्हिडिओ नुसता सिनेमासारखा असेल, तर अजून गेम दाखवलेलाच नाही असं समजावं.

घेण्याआधीची व्यवहाराची बाब

क्वेस्ट ३एस अमेरिकेत २९९.९९ डॉलरपासून सुरू झाला, तर पीएसव्हीआर २ ची तिथली किंमत २०२५ मध्ये ३९९.९९ डॉलरवर आली. पण पीएसव्हीआर २ ला प्लेस्टेशन ५ लागतो, किंवा तगडा पीसी आणि वेगळा अडॅप्टर. क्वेस्ट स्वतःच चालतो. व्हॉल्व्हनेही २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये 'स्टीम फ्रेम' हा नवा हेडसेट जाहीर केला आहे. फिरून खेळायच्या गेमसाठी मेटा साधारण साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा सुचवतं. सोफा आणि टीपॉय सरकवल्यावर घरात तेवढी उरते का, ते टेप लावून मोजा. नसेल तर बसून खेळायचे गेम आहेतच.

मुलांसाठी सोनीने पीएसव्हीआर २ ला किमान १२ वर्षांची अट ठेवली आहे. मेटाचा हेडसेट १० वर्षांपासून चालतो, पण १३ च्या आतल्या मुलांचं खातं पालकांच्या ताब्यात असावं लागतं.

स्टीम आणि मेटा या दोन्ही दुकानांत साधारणपणे घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. आभासी पायांनी फिरायचा गेम पहिल्यांदा घेतलात तर पहिल्याच दिवशी वीसेक मिनिटं खेळून बघा, आणि मळमळायला लागलं की लगेच हेडसेट काढा. रेटून खेळलं तर त्या दिवशीचं जेवणही नकोसं होतं.