सहा युरोंची मुदत ठेव

आमच्या बँकेत जो पितो त्याच्याविषयी 'घेतो थोडी' असं म्हणतात आणि जो पीत नाही त्याच्याविषयी काहीच म्हणत नाहीत. मी या दुसऱ्या, म्हणजे उल्लेख न होणाऱ्या वर्गातला. बी.कॉम. झालो, परीक्षा दिली, काउंटरच्या मागे बसलो आणि तेव्हापासून माझी सगळी नशा दुपारी चार वाजता कॅश जुळते की नाही या एका गोष्टीत सामावलेली आहे. सात रुपये कमी आले की माझे डोळे लाल होतात, पाय लटपटतात. ज्याला सात रुपयांत हे जमतं त्याने बाटलीवर खर्च का करावा?

पण गेल्या दिवाळीत भाचा आला. तो बिल्बाओला नोकरीला आहे. त्याने मामीला चॉकलेटं दिली आणि माझ्या हातात एक बाटली ठेवली. "मामा, रिओखा. भारी नाहीये, सहाच युरोंची आहे," असं म्हणून तो पुण्याला निघून गेला. सहा युरो म्हणजे त्या दिवशीच्या दराने सुमारे सहाशे रुपये. सहाशे रुपयांची वस्तू 'भारी नाही' म्हणून भेट देणारी पिढी आपल्याच घरात जन्मली, याचं मला कौतुक वाटलं आणि थोडी भीतीही.

बाटली लगेच उघडता आली नाही. एक तर घरात बुचाचा स्क्रू नव्हता. दुसरं म्हणजे १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि मी तो काढल्याशिवाय बुचाला हात लावणार नव्हतो. (आमची ही म्हणाली, "परवाना काढून पिणारा महाराष्ट्रात तुम्ही एकटेच असाल." असेन. ऑडिटला भिणारा माणूस घरीही भितो.) त्यामुळे पंधरा दिवस बाटली देव्हाऱ्यापासून सोयीच्या अंतरावर, फ्रिजवर उभी राहिली आणि मी पासबुक वाचावं तशी तिची लेबलं वाचत बसलो. वाचता वाचता भाच्याला फोन, मग वाचनालयातली दोन पुस्तकं, असं करत मी वाइन न पिताच वाइनच्या इतिहासात पार बुडालो.

पहिली ठेच उच्चाराची. आरो नावाचं एक गाव आहे, ते लिहितात मात्र 'ह'ने. 'ह' लिहायचा आणि म्हणायचा नाही. रिओखामधला 'ख' लिहितात 'ज'सारखा. म्हणजे जे लिहिलंय ते बोलायचं नाही आणि जे बोलायचं ते लिहायचं नाही. सरकारी बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे तत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

लेबलवर 'क्रियान्सा' असा शब्द होता. मला वाटलं, मालकीणबाईंचं नाव असेल. निघाली मुदत! रिओखात वाइनची प्रतवारी मुख्यतः काळावर चालते. जी लवकर विकायची ती साधी, म्हणजे आपलं बचत खातं. क्रियान्सा म्हणजे किमान दोन वर्षं ठेवलेली, त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात. रिझर्वा तीन वर्षं. ग्रान रिझर्वा किमान पाच, त्यातली दोन पिंपात. पिंप सव्वादोनशे लिटरचं. बाटलीच्या पाठीवर नियामक मंडळाचा नंबर घातलेला शिक्का, हुबेहूब रेव्हेन्यू स्टॅम्प. आणि काही नामांकित बाटल्यांवर तारेची जाळी असते. बाटलीत दुसराच माल भरून विकणाऱ्यांचा बंदोबस्त म्हणून ती सुरू झाली, म्हणजे चेक क्रॉस करण्याचाच प्रकार. मी त्या बाटलीकडे जरा आदराने पाहू लागलो. ही दारू नव्हती, फिक्स डिपॉझिट होतं.

तो मुलूख वाइनच्या बाबतीत जुना. तेराव्या शतकात तिथे गोन्सालो दे बेर्सेओ नावाचा धर्मगुरू कवी होऊन गेला. लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत लिहिणारा. आपल्याकडे त्याच शतकात ज्ञानोबामाऊलींनी बोलीतच लिहून शेवटी विश्वात्मक देवाकडे सगळ्या जगासाठी पसायदान मागितलं. बेर्सेओने आपल्या काव्याच्या मोबदल्यात चांगल्या वाइनचा एक पेला मागितला. ज्याची त्याची झोळी.

पण हे पिंपात घालून थांबणं तेव्हा नव्हतं. ते आलं फ्रान्समधून. १८६२ साली आलावा प्रांताच्या सरकारने बोर्दोकडचा जाँ पिनो नावाचा जाणकार पगारावर आणला आणि सांगितलं, आमच्या शेतकऱ्यांना तुमच्यासारखी वाइन करायला शिकव. त्याने शिकवलं. वाइन उत्तम झाली. आणि शेतकऱ्यांनी काय केलं? बहुतेकांनी नमस्कार केला आणि आपली जुनी पद्धत पुढे चालू ठेवली. कारण पिंपं महाग, आणि माल दोन-दोन वर्षं कोठारात ठेवायचा तर घर कशावर चालवायचं? पुढची सुगी यायच्या आत मागची वाइन विकून पैसे हातात यायला हवेत. १८६८ साली प्रांताने त्याचा करार संपवला. मग मार्केस दे रिस्काल यांनी त्याला आपल्याकडे ठेवून घेतला. ते मार्केस, म्हणजे सरदार माणूस. त्यांना थांबणं परवडत होतं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. का, ते पुढे सांगतो.

तिकडे बोर्दोला आधी भुरी आली. आपल्या द्राक्षावर येते तीच. ती गंधकाच्या फवारणीने आवरते तोवर अमेरिकेतून एक कीड आली, फायलोक्सेरा. पिवळसर, टाचणीच्या टोकाएवढी, मुळांवर बसून रस पिणारी. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये दिसली आणि मग वेली उभ्याच्या उभ्या मरू लागल्या. माझ्यासारख्याला आकडे दिल्याशिवाय दुःख कळत नाही, म्हणून आकडे सांगतो: १८७५ साली फ्रान्सची वाइन ८४५ कोटी लिटर, १८८९ साली २३४ कोटी. लोकांनी वेलीखाली जिवंत बेडूक पुरून पाहिले म्हणतात. सरकारने उपाय सांगणाऱ्याला बक्षीस लावलं, ते वाढवत तीन लाख फ्रँकपर्यंत नेलं. शेवटी उपाय सापडला तो असा की अमेरिकन वेलीच्या मुळांना ही कीड मारू शकत नाही, तेव्हा खुंट अमेरिकन घ्या आणि वर आपल्या वेलीचं कलम करा. लालिमान नावाच्या गृहस्थांनी बक्षिसावर हक्क सांगितला. सरकार म्हणालं, तुम्ही रोग बरा केला नाही, फक्त होऊ दिला नाही, क्लेम नामंजूर. ही टिप्पणी लिहिणारा कारकून मला भेटायला हवा होता. आमचं जमलं असतं.

फ्रान्सची द्राक्षं गेली आणि रिओखाचं नशीब उघडलं. आरोला १८६३ पासून रेल्वे होती. बोर्दोचे व्यापारी थेट गाडीनेच उतरले, स्टेशनला खेटून कोठारं बांधली गेली. १८७७ ची लोपेस दे एरेदिया आणि १८७९ ची कूने अजून तिथेच आहेत. १८८२ च्या व्यापारी कराराने जकात उतरली. गावात बँक ऑफ स्पेनची शाखा आली (माझ्या दृष्टीने गावाचा खरा जन्म तेव्हा झाला), १८९० मध्ये विजेचे दिवे लागले, स्पेनमधल्या अगदी पहिल्या गावांत. रात्री दूरवरून आरोचे दिवे दिसले की प्रवासी एकमेकांना 'आलं गाव' म्हणत. दुसऱ्याच्या रानात कीड पडल्यावर आपल्या गावात दिवे लागतात, यात आरोच्या लोकांचा दोष काही नाही. १८९२ साली करार संपला, फ्रेंच गिऱ्हाईक आटलं. आणि १८९९ साली तीच कीड आरोच्या रानात सापडली.

तर झोपेचं. २०१४ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे गारपीट झाली. मी तेव्हा निफाड तालुक्यातल्या एका शाखेत होतो. काढणीला आलेले घड खाली पडून त्यांचा चिखल झालेला. आणि वर्षअखेर म्हणून थकबाकीच्या नोटिसा काढायच्या होत्या. टाइप मी केल्या. त्यातली एक तात्यांच्या घरी नेऊन द्यायलाही मीच गेलो. गारपीट झाली हे लिहायला नोटिशीच्या फॉर्मात रकाना नव्हता. तात्यांनी चष्मा लावला, अथपासून इतिपर्यंत नोटीस वाचली, पोच सही केली आणि म्हणाले, "भाऊसाहेब, चहा टाकलाय, घेऊन जा." मी चहा प्यायलो. तो चहा अजून उतरलेला नाही.

तात्यांनी पुढे कर्ज फेडलं, कसं ते मी कधी विचारलं नाही. नाशिकला कामाला आले की आमच्याकडे डोकावतात. दिवाळीनंतर असेच आले आणि फ्रिजवर बाटली पाहून हसले. "भाऊसाहेब, तुम्हीपण?"

मी परवाना दाखवला.

तात्यांच्या घरात माळकरी आहेत, स्वतः तात्या नाहीत. चवीपुरती घेतो म्हणाले. बुचात लाकडाचा स्क्रू पिळून मी तो पकडीने ओढला. तिसऱ्या झटक्याला मी सोफ्यावर आणि बूच पकडीत. लेबलवर 'खोलीच्या तापमानाला' अशा अर्थाचं काहीतरी होतं, पण खोली कुणाची? त्यांची सोळा-अठरा अंशांची, आमची बत्तीसची. म्हणून बाटली अर्धा तास दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवून काढली. वाइनचे पेले नाहीत. फुलपात्रांत ओतली.

हिने आधी वास घेतला आणि म्हणाली, "नारळीभात!" मला वाटलं, थट्टा करते आहे. पण पुस्तकात तेच होतं: रिओखात पिंपं पूर्वापार अमेरिकन ओकची, आणि त्या लाकडाला व्हॅनिलाचा, खोबऱ्याचा वास असतो. मी पहिला घोट घेतला. आधी जांभूळ, मग किंचित आमसूल, आणि नंतर आवळा चावल्यासारखा तुरटपणा हिरड्यांवर बसला तो बसलाच. वाईट लागली म्हणणार नाही. औषध म्हणून दिली असती तर फार चवदार वाटली असती. दुसऱ्या घोटाला तुरटपणा ओळखीचा झाला. तिसऱ्याला मी तात्यांना रिओखाचा इतिहास सांगत होतो.

बोर्दो शब्द निघाला आणि तात्यांनी फुलपात्र खाली ठेवलं. "बोर्डो? आपलं मोरचुदाचं बोर्डो?"

तेच ते. डावणीसाठी तात्या ज्या बोर्डो मिश्रणाचे फवारे मारतात, मोरचूद आणि चुना, ते याच गावाचं नाव. तिथे रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी हा निळा राडा शिंपडायचे, येणाऱ्याजाणाऱ्याने द्राक्षं तोडू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाला १८८२ साली दिसलं की तेवढ्याच वेलींवर डावणी नाही. १८८५ साली त्याने कृती छापली. "म्हणजे चोरासाठी केलेलं औषध," तात्या खूष होऊन म्हणाले. "आमच्याकडे चोर फवारा धुऊन खातात."

मग मी पिनोची गोष्ट सांगितली. शेतकऱ्यांनी पिंपं नाकारली, इथे येऊन थांबलो. तात्या जरा वेळ काही बोलले नाहीत.

"बरोबर केलं त्यांनी," मग म्हणाले. "थांबायला मागं काहीतरी लागतं, भाऊसाहेब. थांबलं की चव येते हे काय आम्हाला कळत नाही? द्राक्ष तोडलं की रात्रीत गाडीत चढवावं लागतं, त्याच्या आत तुमचा कागद येतो."

"तात्या, तो कागद मी टाइप केला होता," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी. तीन फुलपात्रांनंतर.

"माहीत आहे की. खाली बारीक अक्षरात तुमची सही होती. माझ्या नावात शुद्धलेखनाची चूकही होती." आणि त्यांनी फुलपात्र पुढे केलं. "थोडी द्या. ह्या झाडाला पाणी कमी पाजलंय बघा. साखर आहे, पण माजलेली नाही. खुंट कुठला वापरतात? आमचा डॉगरिज आहे, तोपण अमेरिकनच."

मी दोन पुस्तकं वाचली होती. तेंप्रानियो हे द्राक्षाचं नाव 'लवकर' या अर्थाच्या शब्दावरून आलं, कारण ते लवकर पिकतं, हे मी सांगितलं. गार्नाचाविषयी सांगितलं. आरोजवळ दरवर्षी २९ जूनला लोक एकमेकांच्या अंगावर वाइन ओतून रंगपंचमीसारखे खेळतात, हे मात्र गिळलं. द्राक्षाच्या माणसासमोर ते बोलवेना. पण खुंट कुठला, हे माझ्या बाटलीवर कुठेही लिहिलेलं नव्हतं. चेरी लिहिली होती, चामडं लिहिलं होतं.

निघताना तात्यांनी रिकामी बाटली मागितली. हिने ती धुऊन दिली. उजेडाकडे धरून त्यांनी तळ पाहिला. "पाऊण लिटर. औषध मोजायला बरोबर माप आहे," म्हणाले, आणि पिशवीत, खात्याच्या पासबुकाशेजारी ती नीट उभी ठेवली.