गांधर्व महाविद्यालयाची अभिलेखसाधने

गांधर्व महाविद्यालयाची अभिलेखसाधने म्हणजे पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी स्थापन केलेल्या संगीतशाळेच्या इतिहासाची लिखित व मुद्रित साधने होत. गुरुमुखातून चालत आलेली संगीतविद्या शाळेत कशी शिकवली जाऊ लागली, हे त्यांतून समजते.

पार्श्वभूमी

कुरुंदवाड येथे जन्मलेल्या पलुसकरांनी मिरज येथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे ग्वाल्हेर गायकीचे शिक्षण घेतले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. तेथे सँडहर्स्ट रोडवर उभारलेली वास्तू पुढे कर्जापायी लिलावात गेली. पलुसकरांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये अहमदाबाद येथे गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली.

साधनांचे स्वरूप

* पाठ्यपुस्तके : ‘संगीत बालप्रकाश’, ‘रागप्रवेश’ मालिका, ‘महिला संगीत’ इत्यादी. यांतील बंदिशी पलुसकरांच्या स्वतंत्र स्वरलिपीत आहेत.
* नियतकालिके : ‘संगीतामृतप्रवाह’ हे विद्यालयाचे मासिक. मंडळाच्या ‘संगीत कला विहार’ या मासिकाचे संपादन बा. र. देवधर यांनी केले.
* अहवाल व परीक्षापद्धती : अहवालांतून विद्यालयाच्या कारभाराची, तर प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षांच्या अभ्यासक्रमांतून शिक्षणक्रमाची माहिती मिळते.

महत्त्व व मर्यादा

१७९५ मध्ये स्थापन झालेल्या पॅरिसच्या संगीत विद्यालयाचे जुने दप्तर फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेले आहे. गांधर्व महाविद्यालय मात्र देणग्या, शुल्क व जलशांच्या उत्पन्नावर चाललेली खासगी संस्था होती. त्यामुळे तिच्या इतिहासासाठी मुद्रित साहित्याला विशेष मोल आहे. जानकी बाखले यांनी ‘टू मेन अँड म्युझिक’ (२००५) या ग्रंथात अशा साहित्याचा उपयोग केला आहे.

ही साधने वापरताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. संस्थेचे अहवाल तिच्या हितचिंतकांसाठीही लिहिलेले असतात. तसेच, स्वरलिपीत बंदिशीचे स्वर व ताल टिपता येतात. गायकीतील मींड, लगाव आणि उपज पूर्णपणे टिपता येत नाहीत. म्हणून शिष्यपरंपरेतून चालत आलेले गायनही या साधनांच्या जोडीने अभ्यासणे आवश्यक ठरते.