शिवारातली कानाची शाळा

आपल्याकडे पक्षी ओळखण्याचे आधुनिक शास्त्र बंदुकीसोबत आले. १९३१-३२ मध्ये डॉ. सलीम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. किल्लारी तेव्हा निजामाच्या याच संस्थानात होते. पक्षी टिपायचा, त्याचे कातडे पेंढा भरून जपायचे, मापे आणि ठिकाण नोंदवायचे, ही त्या काळची रीत. जिवंत पक्षी चित्रावरून ओळखण्याची सोय सामान्य वाचकाला त्यांच्याच १९४१ सालच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ने करून दिली.

शिवारातली शाळा याहून जुनी, आणि ती कानाची. तिचे धडे नावांतच आहेत. टिटवी आपले नावच ओरडते. तांबट दिसण्याआधी तांब्यावर हातोडी पडावी तसा ‘टुक् टुक्’ ऐकू येतो. पावशा मृगाच्या तोंडावर ‘पेर्ते व्हा’ म्हणतो. तो दिसतो शिक्र्यासारखा, म्हणून डोळा फसतो. कान फसत नाही.

सोलापूरचे मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) वनाधिकारी होते. रानातल्या माणसांच्या तोंडची नावे त्यांनी आयुष्यभर वेचली. ‘पक्षिकोश’ हे त्यांचेच काम.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसरातली हजारो माणसे गेली. गाव नव्या जागी वसले. पडलेली घरे मोजली गेली. माणसांबरोबर गेलेल्या शब्दांसाठी मात्र पंचनाम्यात रकाना नसतो. पावशा आजही मृगाला बोलतो. त्याचे बोलणे उलगडून सांगणारी म्हातारी माणसे आहेत, तोवरच त्यांच्या ओट्यावर वही घेऊन बसायला हवे.