उत्तरेचं पाखं

स्वारगेटच्या एसटी स्थानकाकडून घोरपडे पेठेत शिरलं, की गल्लीबोळांत अजून काही कौलारू घरं दिसतात. दिवाळीच्या सुमारास त्यांच्याकडे मान वर करून पाहा. दक्षिणेचं पाखं, म्हणजे छपराचा त्या बाजूचा उतार, वाळून तांबडं झालेलं असतं, उत्तरेचं मात्र अजून हिरवं. ऐन पावसाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा दोन्ही पाखी सारखीच. श्रावण सरला की तो दक्षिणेकडे झुकतो आणि उत्तरेची कौलं ओली ती ओलीच राहतात.

माझे आजोबा याच भागात कौलं चाळायचं काम करत, पुढे वडील, आता मी. शेवाळावर औषध सांगा, असं लोक म्हणतात. मी आधी शाकारणीचं, म्हणजे कौलं चाळण्याचंच, सांगतो. शाकारणी बंद पडत गेली, तसतसं या शहराच्या छपरांवर शेवाळ वाढत गेलं.

पूर्वी छपरं नळीच्या कौलांची. कुंभार चाकावर मातीची नळी ओढी आणि ओली असतानाच उभी चिरून तिचे दोन भाग करी. पुण्यात कुंभारांची वस्ती कसब्यात, कुंभारवेशीपाशी. ही कौलं एकमेकांवर नुसती टेकलेली, अडकवायला काही नाही. मांजर धावलं, वानरं उड्या मारून गेली, की सरकत. म्हणून दर उन्हाळ्यात ती उतरवून, झाडून पुन्हा रचत. मृग लागायच्या आत हात मोकळे व्हायला हवेत, आणि मध्येच वळीव आला तर उघड्या घरावर काही ना काही झाकायला धावायचं. आजोबा उत्तरेची कौलं दक्षिणेला लावत आणि दक्षिणेची उत्तरेला. शेवाळाला खरी मुळं नसतात, केसांसारख्या तंतूंनी ते धरून बसतं. उन्हाळ्यात वाळून करडं पडतं, मेलं असं वाटतं, आणि पहिल्या सरीने पुन्हा हिरवं होतं. दरवर्षी जागचं हललेल्या कौलावर त्याला जाड थर धरायला उसंतच मिळत नसे.

मग मंगलोरी कौल आलं. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कारखाना काढला. हे कौल चपटं, कडांना खाचा, पोटाला रिपेवर अडकणारी नाकं. एका ब्रासला साधारण १५० पुरतात. ते सरकत नाही, म्हणून दरसालची शाकारणी लोकांनी दोन-चार वर्षांवर नेली. माझ्या मते दुखणं इथून सुरू झालं. खाचेत धूळ बसते, पिंपळाची पानं कुजतात, त्यावर शेवाळ धरतं. खाच बुजली की पाणी कौलाखाली शिरतं, आधी रीप कुजते, मग वासा.

त्यात १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. भाडी गोठली. भाडेकरूंना डोक्यावर आसरा राहिला, ही मोठी गोष्ट झाली, ती मी कमी लेखणार नाही. पण मजुरी वाढत गेली, भाडं तेवढंच राहिलं. मालक म्हणे परवडत नाही, भाडेकरू म्हणे घर माझं नाही. वाड्याच्या छपराला वालीच उरला नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले आणि पुढे त्या जागी स्लॅबची घरं उभी राहिली. इकडची छपरं वाचली, पण वडिलांच्या जोडीची माणसं सेंट्रिंगच्या कामाला गेली. तिथे रोज जास्त मिळे. अनवाणी पायाने वाशाचा अंदाज घेत छपरावर चालणं पुढच्या पोरांना कुणी शिकवलंच नाही.

हल्ली मशिनच्या जोरदार पाण्याने कौलं धुतात. एका दिवसात लाल होतात खरी, पण भट्टीत तयार झालेली वरची टणक साल त्याने झिजते, आतली माती पाणी पिऊ लागते आणि पुढचं शेवाळ आणखी जोमाने येतं. लोखंडी खरवडणीनेही तेच होतं. मोरचुदाच्या पाण्याने शेवाळ मरतं, पण ते पाणी खाली तुळशीत उतरतं आणि पन्हळीचा पत्रा खातं. मी ते वापरत नाही.

मे महिन्यात, शेवाळ कोरडं असताना, काथ्याच्या ब्रशने आढ्याकडून वळचणीकडे घासत यायचं. मग एकेक कौल उचलून खाच साफ करायची, रीप बोटाने दाबून बघायची, मऊ लागली तर बदलायची. पिंपळाची फांदी वर झुकली असेल तर तीही छाटायची. पैसे एकाच बाजूपुरते असतील, तर उत्तरेचं पाखं आधी घ्यावं.