पावसाचा पाठ : अलेक्झांडर डफ आणि कलकत्त्यातील एक शाळा

१८३० च्या फेब्रुवारी महिन्यात ‘लेडी हॉलंड’ हे कलकत्त्याकडे निघालेले जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ डासेन बेटाच्या खडकांवर आदळून फुटले. प्रवासी वाचले, सामान मात्र समुद्राच्या स्वाधीन झाले. प्रवाशांमध्ये अलेक्झांडर डफ हे तेविशीतील स्कॉटिश मिशनरी पत्नीसह होते. सुमारे ८०० ग्रंथांचा संग्रह त्यांनी बरोबर घेतला होता. त्यातून किनाऱ्याला लागले ते बायबल आणि स्तोत्रसंग्रह एवढेच. या घटनेत डफ यांना ईश्वरी संकेत दिसला : ज्ञान हे साधन होय, साध्य नव्हे. पुढे त्यांच्या शाळेत जे घडले, त्याने मात्र या समीकरणाची दुसरी बाजू दाखवून दिली.

२७ मे १८३० रोजी डफ कलकत्त्यास पोहोचले. खुद्द शहरात ठाणे मांडू नये, अशी स्कॉटलंडच्या चर्चची सूचना होती; ती त्यांनी मानली नाही. वस्तीवस्तीतून उपदेश करीत हिंडण्यापेक्षा उच्चवर्णीय तरुणांना इंग्रजीतून पाश्चात्त्य विद्या शिकवावी, म्हणजे जुन्या श्रद्धांचा पाया आपोआप खचेल, अशी त्यांची धारणा होती. अनेक सहधर्मीयांना हा विचार रुचला नाही. श्रीरामपूरच्या वृद्ध विल्यम कॅरी यांनी मात्र त्याला संमती दिली. प्रत्यक्ष मदत मिळाली ती राजा राममोहन रॉय यांच्याकडून. ब्राह्मसभा नुकतीच स्वतःच्या वास्तूत गेली होती, आणि तिची चित्पूर मार्गावरील जुनी जागा त्यांनी डफ यांना मिळवून दिली. परिचयातील कुटुंबांची मुलेही त्यांनीच पाठवली.

१३ जुलै १८३० रोजी शाळा सुरू झाली. मुलांच्या हाती शुभवर्तमानाच्या प्रती देताच कुजबुज उठली. आम्हाला बाटवणार काय, ही शंका उघडपणे बोलली जाऊ लागली. तेव्हा राममोहन उभे राहिले. होरेस हेमन विल्सन यांनी हिंदू शास्त्रे वाचली, म्हणून ते हिंदू झाले नाहीत. मी कुराण वाचले, म्हणून मुसलमान झालो नाही. बायबल वाचले, म्हणून ख्रिस्ती झालो नाही. वाचा आणि स्वतः पारखा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मुले शांत झाली. डफ यांच्या उपक्रमाचा मार्ग अशा रीतीने मोकळा झाला. पण ज्या युक्तिवादाने तो मोकळा झाला, त्याच युक्तिवादात वाचनानंतरचे स्वातंत्र्य गृहीत धरलेले होते.

डफ यांची अध्यापनरीती त्या काळच्या पाठशाळांना अपरिचित होती. पाठांतरावर त्यांचा भर नव्हता. ‘ऑक्स’सारखा दोन अक्षरांचा शब्द घेऊन ते प्रश्नांची मालिका सुरू करीत, आणि परक्या भाषेतील शब्द मुलाच्या परिचयाच्या बैलाशी जोडला जाई. शिकवणे म्हणजे ओतणे नव्हे, बाहेर काढणे, ही त्यामागील दृष्टी होती.

जॉर्ज स्मिथ यांनी लिहिलेल्या डफचरित्रात पावसाच्या पाठाची हकीकत आली आहे. पाऊस कोठून येतो, असे डफ यांनी वर्गात विचारले. इंद्राच्या हत्तीच्या सोंडेतून, असे शास्त्राच्या आधारे उत्तर आले. डफ यांनी शास्त्राचा उपहास केला नाही. भात शिजताना भांड्यातून काय निघते, झाकणावर काय जमते, असे ते एकेक विचारत गेले. वाफ, थंडावा, थेंब अशा पायऱ्यांनी मुले स्वतःच निष्कर्षाशी आली. एक मुलगा मात्र दचकला : हे खरे असेल, तर आमच्या शास्त्राचे काय?

डफ यांच्या लेखी तो विजयाचा क्षण होता. त्या मुलाच्या लेखी मात्र घरातली एक भिंत त्या क्षणी हलली होती. शिक्षकाला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात काय, हा या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

बाहेर नगरही अस्वस्थ होते. डिरोझिओ यांना एप्रिल १८३१ मध्ये हिंदू कॉलेज सोडावे लागले. त्यांच्या प्रभावातील कृष्णमोहन बॅनर्जी यांना घराबाहेर पडावे लागले, आणि १८३२ मध्ये डफ यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. परंतु नवशिक्षितांपैकी असे थोडेच. बहुतेकांनी विद्या घेतली, धर्म घेतला नाही. १८३४ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे डफ मायदेशी गेले, तेव्हा शाळा भरभराटीत होती. धर्मांतरितांची संख्या अल्प होती.

भाषेच्या प्रश्नावर त्यांची मर्यादा अधिक स्पष्ट दिसते. उच्च ज्ञान इंग्रजीतूनच द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. या देशातील भाषांत आणि ग्रंथांत साठलेल्या विद्येविषयी त्यांना फारसा आदर नव्हता. त्याच सुमारास मुंबईत आलेले त्यांचे देशबंधू जॉन विल्सन मराठी शिकले आणि १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांशी जाहीर वाद करते झाले. हेतू दोघांचा एकच होता. मात्र प्रतिपक्षाच्या भाषेत बोलणाऱ्याला त्याचे म्हणणेही ऐकावे लागते.

तरीही विद्यार्थी गुरूच्या मर्यादेत राहिले नाहीत. बर्दवानकडील खेड्यातून आलेले लालबिहारी दे या शाळेत शिकले आणि १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले. पण लेखणी हाती घेतली ती बंगालच्या शेतकऱ्याचे जीवन आणि लोककथा सांगण्यासाठी, तीही डफ यांनी दिलेल्या इंग्रजीत. कृष्णमोहनांनी ‘विद्याकल्पद्रुम’ हा ज्ञानकोश रचून पाश्चात्त्य विद्या बंगालीत आणली. दुसरीकडे, १८४५ मध्ये उमेशचंद्र सरकार आणि त्यांची अल्पवयीन पत्नी यांच्या धर्मांतराने संतापाची लाट उसळली. देवेंद्रनाथ ठाकूर यांच्या पुढाकाराने लोकवर्गणी जमली आणि हिंदू मुलांसाठी विनामूल्य शाळा निघाली. डफ यांना उत्तर द्यायलाही शाळाच काढावी लागली, हा त्यांच्या पद्धतीचा अनपेक्षित गौरव म्हटला पाहिजे.

१८६३ मध्ये डफ यांनी भारत कायमचा सोडला. १८७८ मध्ये ते निवर्तले. कलकत्त्याच्या स्कॉटिश चर्च कॉलेजच्या रूपाने त्यांच्या शाळेची परंपरा टिकून आहे. त्यांच्याकडे केवळ धर्मप्रसारक म्हणून पाहणे किंवा केवळ शिक्षणप्रवर्तक म्हणून पाहणे, दोन्ही अपुरे ठरेल. मुलाने प्रश्न विचारावा, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. उत्तर आधी ठरलेले असावे, हीही तितकीच. भाताच्या झाकणावरचे थेंब दाखवून त्यांनी एका ग्रंथाची परीक्षा घ्यायला शिकवले. तीच परीक्षा आपण बरोबर आणलेल्या ग्रंथालाही लावली जाईल, याचा अंदाज त्या तरुण शिक्षकाला बहुधा नव्हता. त्याला जागा मिळवून देणाऱ्या राममोहनांना तो पहिल्याच दिवशी होता.